दीड फुटाचं जोतं, अठरा फुटांचा उतार

आपल्याकडे इमारतीचं जोतं सहसा जमिनीपासून दीडेक फूट वर घेतात. पावसाचं पाणी आत शिरू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आता चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला कुणाचा हात न लागता तिथवर पोचायचं असेल, तर उतार एकास बारा हवा. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाला अठरा. शिवाय वर-खाली खुर्ची वळवण्यापुरती सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडे. इमारतीभोवती मोकळ्या सोडलेल्या सामासिक अंतरात ही जागा शोधायला बसलं की बिल्डरच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण तेवढ्यात एक मोटार सहज उभी राहते. मग मधला मार्ग निघतो: पायऱ्यांच्या कडेला चार-पाच फुटांची घसरगुंडी, तिच्यावर गुळगुळीत फरशी आणि नकाशात नाव रॅम्प. तिच्यावरून स्कूटर चढते, पाण्याचे जार चढतात. खुर्ची चढत नाही. कुणी ढकलून चढवलीच, तर उतरताना आत बसलेल्याच्या पोटात गोळा येतो.

हा बाराचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी अपंग विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात जायबंदी झालेले माजी सैनिकही होते. शिकायची तयारी होती, फी भरायची सोय होती. पण वर्गाच्या दाराशी पायऱ्या होत्या. न्यूजंट यांनी उतार, दारं, स्वच्छतागृहं हे सगळं त्या विद्यार्थ्यांच्या वापरातून तपासलं आणि त्या कामातून १९६१ साली ए-११७.१ हे अमेरिकी मानक तयार झालं. अवघ्या काही पानांचं.

माझ्या मते या विषयाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी झेप. तोवर प्रश्न असा असे, की याला उचलणार कोण? १९५७ साली ह्यूगो डेफ्नर यांना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात ‘वर्षातील अपंग अमेरिकी नागरिक’ हा सन्मान मिळाला. इमारती अपंगांना वापरता याव्यात म्हणून त्यांनी केलेल्या खटपटीबद्दल! आणि तो घ्यायला जाताना पायऱ्या आडव्या आल्या, म्हणून दोन सैनिकांनी त्यांना उचलून वर नेलं. उचलणाऱ्यांच्या मनात सद्भावच असणार. पण सद्भावाला माप नसतं, आणि दोन धडधाकट माणसं प्रत्येक दारात उभी नसतात. १९६१च्या मानकाने ‘उचलणार कोण’ऐवजी ‘उतार किती’ असं विचारलं, आणि दयेचा प्रश्न मोजपट्टीचा झाला.

त्या मोजपट्टीतही एक खोट होती. ती तरुण, दणकट दंडांच्या विद्यार्थ्यांवर घासून घेतलेली. संधिवात झालेल्या सत्तर वर्षांच्या आजींना एकास बाराचा चढही छातीवर येतो. म्हणून बारा हे किमान समजायचं. जागा असेल तिथे उतार आणखी पसरट हवा. दुसरी गोष्ट अशी, की ते मानक ऐच्छिक होतं. १९६८ साली अमेरिकेने केंद्र सरकारच्या इमारतींपुरतं ते कायद्यात आणलं, तरी ‘मूठभर लोकांसाठी आम्ही खर्च का करायचा?’ या प्रश्नाला मोजपट्टीकडे उत्तर नव्हतं.

ते उत्तर ब्रिटनमधून आलं. व्हिक फिंकेलस्टाइन हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. अपघातानंतर चाकाच्या खुर्चीत बसलेले, वर्णद्वेषाविरुद्ध काम केल्याबद्दल तुरुंगात गेलेले आणि मग इंग्लंडला आलेले. त्यांनी एका काल्पनिक गावाची गोष्ट लिहिली. गावात सगळे चाकाच्या खुर्चीतले. त्यामुळे त्यांनी आपल्या सोयीने दारं आणि छतं ठेंगणी बांधली. मग तिथे काही चालणारी माणसं राहायला येतात. त्यांची डोकी चौकटींवर आपटतात, कपाळावर टेंगळं येतात. गावातले डॉक्टर त्यांना तपासतात, डोक्याला शिरस्त्राणं देतात, कंबरेत वाकून राहायला पट्टे देतात. त्यांना नोकरी मिळत नाही, म्हणून दानपेट्या फिरतात. शेवटी त्यांच्याच ध्यानात येतं, की दुखणं आपल्या उंचीत नाही, चौकटीत आहे.

वाचताना हसू येतं आणि मागोमाग थोडी शरमही वाटते. फिंकेलस्टाइन ज्या संघटनेत होते, तिने १९७६ साली हेच तात्त्विक भाषेत मांडलं: शरीराची उणीव वेगळी आणि समाजाने वाटेत घातलेला अडसर वेगळा. वर्णभेदाच्या देशातून आलेल्या माणसाला बंद दाराचा अर्थ कळायला वेळ लागला नसावा. एकदा अडसर माणसाने बांधलेला आहे हे मान्य केलं, की तो काढायचा खर्च बांधणाऱ्याकडे जातो. १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनमध्ये आंदोलक आपापल्या खुर्च्या आणि कुबड्या खाली टाकून संसद भवनाच्या पायऱ्या सरपटत चढले, तेव्हा त्यांना हेच दाखवायचं होतं. त्याच वर्षीच्या जुलैत तिथला अपंगत्व कायदा झाला, आणि दुकानं, हॉटेलं, नाटकघरं अशा खासगी जागाही त्याच्या कक्षेत आल्या.

आपल्या मनात मात्र पायरीला मान आहे. जेजुरीचा गड पायऱ्या चढून गाठण्यात पुण्य आहे, अशी आपली श्रद्धा. त्याबद्दल माझी तक्रार नाही; सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाली म्हणून देवी कोपल्याचं कुणी सांगत नाही. तक्रार आहे ती तहसील कचेरीच्या, बँकेच्या, शाळेच्या पायऱ्यांबद्दल. तिथे पुण्याचा संबंध नाही.

भारतात १९९५ साली अपंग व्यक्तींचा कायदा झाला. सार्वजनिक इमारतींत उतार करावेत, असं त्यात होतं. पण आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत. या एका सवलतीने कायद्यातली हवाच गेली. कुवत आहे असं कुठली नगरपालिका आपण होऊन कबूल करील? जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग मुंबईतल्या परिषदेसाठी आले आणि पुढे दिल्लीला गेले, तेव्हा तिथल्या स्मारकांवर त्यांच्यासाठी लाकडी उतार टाकले गेले. जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी तेव्हा विचारलं, की पाहुण्यासाठी होतं ते नागरिकांसाठी का होत नाही? कुवतीचा प्रश्न त्या दोन-चार दिवसांत कुणाला आठवला नव्हता, एवढं खरं.

२००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने शिक्कामोर्तब केलं, त्याला धरून २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला. हा सणसणीत आहे. मानकं पाळली नसतील तर बांधकामाला परवानगी नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही नाही. आधीपासूनच्या सार्वजनिक इमारतींना सुधारायला पाच वर्षं दिली होती. दंड मात्र पहिल्या खेपेला दहा हजारांपर्यंतच. एखाद्या टॉवरच्या लॉबीतलं झुंबर त्याहून महाग असतं.

इथे एक नेहमीचं वाक्य ऐकू येतं: ‘कायदे चांगले आहेत हो, अंमलबजावणी नाही.’ मला हे अर्धसत्य वाटतं. अंमलबजावणी होऊच नये, अशी सोय कागदातच होती, आणि ती सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिली. दृष्टिबाधित कार्यकर्ते राजीव रातुरी यांनी २००५ साली याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. कायदा सक्ती सांगतो. पण त्याखालच्या २०१७च्या नियमांतला पंधरावा नियम ज्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवत होता, त्या स्वतःला केवळ शिफारशी म्हणवत होत्या. सात वर्षं आपण ज्याला मानक म्हणत होतो, तो सल्ला होता! न्यायालयाने तो भाग कायद्याशी विसंगत ठरवला, आणि कुठल्याही परिस्थितीत सोडता येणार नाही असं किमान वेगळं काढून तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असं केंद्राला बजावलं.

हे वेगळं काढणं मला कळीचं वाटतं. जाडजूड मार्गदर्शिकेत दाराची रुंदी आणि भिंतीचा रंग शेजारी शेजारी बसतात. दोन्ही ‘असावं’ या सुरात. महापालिकेतल्या इंजिनिअरने भोगवटा प्रमाणपत्र नेमकं कशावरून अडवायचं? एकास बाराचा उतार, नऊशे मिलिमीटरचं दार, स्वच्छतागृहाचं बाहेर उघडणारं दार अशा मोजक्या गोष्टी ठोक असल्या, की त्यालाही बिल्डरच्या फोनला उत्तर देता येतं. लिफ्टचं तसंच आहे. तिचा परवाना लागतो, तपासणी होते, आणि ‘आमच्या कुवतीत बसेल तेवढी सुरक्षित’ लिफ्ट कुणी लावत नाही.

मुंबईत पदपथांवर गाड्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले गेले, आणि दोन खांबांमधून खुर्चीच जाईना. एका खुर्चीधारी मुंबईकराने त्याबद्दल ई-मेल केला, आणि २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतला. हे खांब बसवणाऱ्याच्या मनातही वाईट काही नसणार. फक्त त्याच्या हातात त्या वेळी टेप नव्हती.

राहता राहिली आपली सोसायटी. २०१६च्या कायद्यात खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्था येते, कंपनीही येते. मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली पुनर्विकास चालू आहे, आणि सभेत चर्चा होते ती वाढीव चौरस फुटांची, कॉर्पसची आणि पार्किंगची. तुमच्याकडेही नकाशे सहीसाठी आले असतील, तर सही करण्याआधी दोन आकडे विचारा: जोत्याची उंची किती, आणि उताराची लांबी किती. दुसरा पहिल्याच्या निदान बारा पट नसेल, तर नकाशा परत पाठवा.