वचन कोणी निवडायचे?



दर बुधवारी संध्याकाळी आमच्या बायबल वर्गाला दहा-बाराजण जमतात. कुणी वाडीतले काम आटोपून येतो, कुणी लोकलमधून उतरून थेट. २०२५च्या जुलै महिन्यात एका बुधवारी आम्ही विषय ठेवला होता : 'प्रभूच्या इच्छेला शरण जाणे'. प्रत्येकाने पवित्र शास्त्रातला एक उतारा निवडून आणायचा होता.

वर्गात दोन सख्खे भाऊ आहेत. वडील देवाघरी गेल्यापासून वडिलार्जित वाडीवरून त्यांच्यात बोलणे कमी झाले आहे. थोरल्याला वाडी विकायची नाही. धाकट्याच्या डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचे कर्ज आहे, त्याला आपला वाटा मोकळा करून हवा आहे. त्या दिवशी थोरल्याने राजांचा पहिला ग्रंथ, अध्याय २१ वाचला. नाबोथाने वाडवडिलांचा द्राक्षमळा अहाब राजाला द्यायला नकार दिला आणि त्यापायी जीव गमावला. मग धाकट्याने उत्पत्तीचा अध्याय १३ वाचला. भूमीवरून तंटा नको म्हणून अब्रामाने, स्वतः वडीलधारा असूनही, पुतण्या लोटाला आधी निवड करू दिली.

दोघांनी सुंदर वाचले, अर्थही चुकीचा सांगितला नाही. वाचून झाल्यावर मात्र दोघे एकमेकांकडे न बघता बसून राहिले. वर्ग घेणाऱ्या आम्हाला काय बोलावे ते सुचेना. चहा निवून गेला.

घरी जाताना आमच्या ध्यानात आले, की आपण सगळेच असे करतो. निर्णय आधी आपला आपण घेतो आणि मग त्यावर सही-शिक्का घ्यायला बायबल उघडतो. सही मिळाली नाही तर पान उलटतो. अशी पाने उलटता उलटता कुणाचे अख्खे बायबल वाचून होईल, पण त्याची पकड तसूभरही सैल होणार नाही.

शास्त्रवचन तोंडी असणे म्हणजे शरण जाणे नव्हे, याचा सर्वात मोठा दाखला शुभवर्तमानातच आहे. अरण्यात सैतानाने प्रभू येशूला मोहात पाडले तेव्हा त्याने ९१व्या स्तोत्राचाच आधार घेतला (मत्तय ४). हेतू एवढाच, की आपण उडी मारावी आणि देवाने झेलावे, म्हणजे देवाने आपल्या सांगण्यावरून वागावे. प्रभूने उत्तर दिले तेही शास्त्रातूनच. देवाची परीक्षा पाहू नये, असे अनुवादाच्या ग्रंथात आहे (६:१६).

आपल्यातले काहीजण डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट पडेल ते वचन देवाचा निरोप मानतात. 'संत ऑगस्टीनांनीही असेच केले ना?' असे कुणी विचारेल. केले खरे. ३८६ साली मिलान येथील एका बागेत त्यांनी पौलाच्या पत्रांचा ग्रंथ उघडला. पण त्यांना सापडले काय? रोमकरांस पत्र, १३:१३-१४. देहवासना सोडून ख्रिस्ताला परिधान करण्याची ती हाक म्हणजे नेमके तेच, जे ते कित्येक वर्षे पुढे ढकलत होते! त्या घडीला त्यांना आठवण झाली होती इजिप्तच्या संत आंतोनींची. (पादुआचे संत आंतोनी वेगळे, ते पुष्कळ नंतरचे.) हे तरुण आंतोनी चर्चमध्ये शिरले तेव्हा श्रीमंत तरुणाचा उतारा वाचला जात होता. असेल ते विकून गरिबांना दे, ही प्रभूची आज्ञा त्यांनी स्वतःसाठीच मानली. तो उतारा त्यांनी निवडलेला नव्हता.

रविवारच्या मिस्सातली वाचनेही आपण निवडत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ साली, ख्रिस्तसभेने तीन वर्षांचे वाचनचक्र घालून दिले. मत्तय, मार्क, लूक असे एकेक वर्ष, आणि योहानाचे शुभवर्तमान अधूनमधून, विशेषतः पुनरुत्थान काळात. आपल्या घरी आज काय चालले आहे, हे त्या चक्राला ठाऊक नसते. फादरांनाही नावडता उतारा सहसा टाळता येत नाही. काही रविवारी प्रवचनाला उभे राहताना त्यांचा चेहरा तसे सांगतोही!

३ ऑगस्ट २०२५, सामान्य काळातील अठरावा रविवार. शुभवर्तमान लूक १२:१३-२१. गर्दीतला एकजण प्रभूला म्हणतो, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. प्रभू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि कोठारे वाढवू पाहणाऱ्या धनवानाचा दाखला सांगतो. त्या धनवानाच्या बोलण्यात दुसरे माणूसच नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. थोरला भाऊ गायनवृंदात होता, धाकटा मागच्या बाकावर. हा उतारा दोघांपैकी कुणालाही दुसऱ्यावर फेकता येण्यासारखा नव्हता.

शरण जाणे म्हणजे तोंड मिटून घेणे, असे मात्र आम्हाला वाटत नाही. पवित्र मरियेने होकार देण्याआधी, हे कसे घडेल, असे देवदूताला विचारले. गेथशेमनी बागेत प्रभूने आधी प्याला दूर करण्याची विनवणी केली आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारली. क्रुसावर त्याच्या ओठी २२वे स्तोत्र आले, नंतर ३१वे. आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे ते शब्द ख्रिस्तसभेच्या रात्रीच्या प्रार्थनेत रोज येतात. झोपताना माणसाच्या हाती तसेही काही उरत नाही.

आणखी एक धोका सांगायला हवा. 'देवाची इच्छा म्हण आणि सोडून दे' हा उपदेश आपण बहुतेक वेळा दुसऱ्याला करतो, आणि तो दुसरा बहुधा घरातला दुबळा असतो. किती बहिणींनी हे ऐकून हक्कसोडपत्रावर सह्या केल्या असतील! १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. स्वतःचा हक्क स्वतःहून सोडणे ही शरणागती होऊ शकते. दुसऱ्याला सोडायला लावणे म्हणजे देवाच्या नावाने आपलीच सत्ता.

६ ऑगस्टच्या बुधवारी, प्रभूच्या रूपांतराच्या सणादिवशी, वर्गात तोच रविवारचा उतारा पुन्हा वाचला. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग धाकट्याने थोरल्याला विचारले, "दादा, ताईला कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारले नव्हते. नाबोथ वाचताना नाही, अब्राम वाचताना नाही. आम्हालाही ती आठवली नव्हती, आणि आमची तर तिच्याशी चांगली ओळख आहे.

पुढच्या रविवारी दोघे एकाच स्कूटरवरून तिच्या घरी गेले. वाडीचा प्रश्न काही त्या दिवशी सुटला नाही. तिने दोघांना जेवायला बसवले आणि आधी सगळे कागद दाखवा, म्हणाली.