सापाखालची गादी

मागच्या महिन्यात एका व्याख्यानात ऐकले, की पटावरचा खेळ रचायला आता एक दुपार पुरते. वक्ता तरुण आणि हुशार होता. त्याने पडद्यावर करूनही दाखवले: यंत्राला विषय दिला, पात्रे मागितली, पन्नास पत्त्यांचा मजकूर मागितला आणि चहा येईपर्यंत सगळे हजर. टाळ्या पडल्या. नंतरच्या चर्चेत कोणी यंत्राला आत्मा नसल्याची खंत केली; तो विषय आळंदीकरांवर सोपवावा. कोणी म्हणाले, चित्रकारांच्या पोटावर पाय येईल. ते खरेच आहे, पण ते भांडण मजुरीचे आहे आणि मजुरीच्याच मैदानात लढावे लागेल. मला खटकले ते तिसरेच, आणि त्यावर कोणी ब्र काढला नाही. गोष्ट लिहून झाली म्हणजे गोष्टीचा खेळ रचून झाला, असे वक्त्याने धरून चालले होते.

मी हे काठावर बसून बोलत नाही. गेले आठ महिने मी, माझा भाचा आणि शेजारच्या काकू असे तिघे दिघ्यात असाच एक खेळ रचतो आहोत, तोही यंत्राची मदत घेऊन. विषय दिघ्याचाच. नवी मुंबईचे हे उत्तर टोक. डोंगर, एमआयडीसीचे कारखाने आणि ठाणे-बेलापूर रस्ता यांच्या बेचक्यात वाढलेली वस्ती. 2015 साली उच्च न्यायालयाने इथल्या बेकायदा इमारतींवर हातोडा चालवायला सांगितले तेव्हा 99 इमारती हा आकडा शेंबड्या पोरालाही पाठ होता. काही इमारती एमआयडीसीच्या जमिनीवर, काही सिडकोच्या. आत राहणारे मात्र स्वतःच्या पैशांवर, म्हणजे गावचे शेत विकून, सोने मोडून किंवा पतपेढीचे कर्ज काढून आलेले. पुढे सरकारने 31 डिसेंबर 2015 पर्यंतची बांधकामे वाचवण्याचे धोरण आणले, त्याचीही कोर्टात ओढाताण झाली. हा इतिहास वाचकांना माहीत आहे. नसेल तर दिघ्यातल्या कोणत्याही रिक्षात बसावे.

भाच्याने यंत्राला सांगितले, दिघ्यावर गोष्ट लिही. पहिल्या मसुद्यात दिघ्याला समुद्रकिनारा होता, नारळाची झाडे होती आणि मासळीबाजार होता. यंत्राने बंगालमधला दिघा उचलला होता. आम्ही पोट धरून हसलो. पण असल्या चुकांवर लेख लिहिणाऱ्यांत मला जायचे नाही. एका वाक्यात ती दुरुस्त झाली. दुसऱ्या मसुद्यात इलठणपाडा आला, रेल्वेने इंग्रजांच्या काळात बांधलेले धरण आले, मुकंद कंपनीचा भोंगाही आला. भाषा ठीक होती. दारावर नोटीस चिकटवलेली दिसते, आता तुम्ही काय कराल? वकील गाठाल, मोर्चात जाल, की गावी परताल? प्रत्येक पत्त्यावर तीन वाटा. वक्त्याच्या हिशेबाने आमचा खेळ इथे संपला होता.

आम्ही खेळायला बसलो आणि अर्ध्या तासात भाचा मोबाइलकडे वळला.

का, याचा विचार करताना मला मोक्षपट आठवला. तो ज्ञानेश्वरांनी रचला अशी आपल्याकडे परंपरागत समजूत आहे. पुरावा मागणाऱ्यांनी मागावा. पण कवड्या टाकून खेळायचा हा पट म्हणजे गोष्टीचाच खेळ होता यात शंका नाही. घराघरावर गुणदोषांची नावे, दोषाच्या घरी सापाचे तोंड, गुणाच्या पायाशी शिडी, माथ्यावर वैकुंठ. जुन्या पटांवर बहुधा साप जास्त, शिड्या कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला, तिथे साप आणि शिड्या समसमान होऊ लागल्या, हळूहळू घरांची नावेही पुसली गेली. आपण आज मुलांना देतो तो पट तिकडून परत आलेला. नावे गेली याची हळहळ सगळे करतात. मला जास्त मोलाचे वाटते ते सापांचे प्रमाण. चढण्यापेक्षा घसरणे सोपे, ही त्या पटाची गोष्ट होती आणि ती कुठेही लिहिलेली नव्हती. ती मोजणीत होती. निरक्षर माणसालाही कळत होती.

दुसरा दाखला परका आहे, पण चपखल. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली जमीनदारीवरच्या खेळाचे पेटंट घेतले. पट एकच, पण त्यांनी नियमांचे दोन संच केले: एकात जमिनीचे उत्पन्न सगळ्यांच्या पदरात पडे, दुसऱ्यात एक जण सगळ्यांना नागवे. पुढे 1935 मध्ये मोनॉपॉली बाजारात आली ती दुसऱ्या संचाची. त्याच घराण्यातला व्यापार आपण उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत खेळलो. चौकोन, भाडे, नोटा यांतले फारसे काही बदलले नव्हते, नियमांचा एक संच गळला आणि गोष्ट उलटी झाली.

तेव्हा माझे म्हणणे असे, की खेळातली गोष्ट मजकुरात राहत नाही. यावर वक्त्याच्या बाजूचा माणूस म्हणेल, मग यंत्राकडून नियमही लिहून घ्या. घेतले. चांगले लिहिते. बेरजा-वजाबाक्यांत ते आमच्या तिघांपेक्षा पुढे आहे. त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहून आमचा खेळ हजारो वेळा स्वतःशीच खेळून पाहिला आणि सांगितले, की बांधकामवाला जवळजवळ प्रत्येक डाव जिंकतो. काकू म्हणाल्या, “हे सांगायला यंत्र कशाला हवं?” तरी पैशांचा तोल आम्हाला त्यानेच सावरून दिला, हे कबूल करतो.

पण नियम लिहून घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. आम्ही कुठेही पडायची जागा केली, की यंत्र तिथे गादी घाली. घर तुटले? हरकत नाही, तुम्हाला ‘अनुभव’ नावाच्या दोन सोंगट्या मिळतील. वकिलाने पैसे बुडवले? पुढच्या फेरीत एक जादा पत्ता. प्रत्येक सापाखाली गादी. भाच्याने दटावून सांगितले, भरपाई देऊ नकोस. तेव्हा ते दुसऱ्या टोकाला गेले: सगळ्यांचेच घर तुटते, सगळेच हरतात, शेवटी पाऊस पडतो. यातही कोणाला काही सोडावे लागत नाही. एकाने जिंकण्यासाठी शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघून काही हिसकावून घ्यावे, असे ते आपणहून कधी मांडत नाही.

इथे मला एक फरक करायचा आहे. पर्याय वेगळा आणि पेच वेगळा. पर्याय पत्त्यावर छापता येतो. तीन काय, तीनशे छापता येतील, आणि यंत्राला तो छंदच आहे. पेच पत्त्यावर नसतो. मराठीने हा शब्द पतंगालाही दिला आणि कुस्तीलाही दिला, तो उगाच नाही. एका मांज्याने पेच लागत नाही. माझ्या निवडीने समोरच्याचे काही कापले जाणार असेल, ते मला माहीत असेल, आणि ते मला माहीत आहे हे त्यालाही माहीत असेल, तेव्हा पेच. नोटीस आल्यावर गावी जावे की मोर्चात, हा पर्याय. मी गावी गेलो तर माझ्या वाटणीची वर्गणी काकूंच्या डोक्यावर येते, हा पेच.

कोणी विचारील, मोक्षपटात तरी कुठे निवड होती? कवडी पडेल तसे चालायचे. आक्षेप बिनतोड आहे आणि मी त्यावर बरेच दिवस अडलो होतो. माझे उत्तर अर्धेच आहे: तिथला पेच माणूस आणि दैव यांच्यात होता, आणि दैव गादी घालत नसे. म्हणून तो पट टिकला. ज्यात पर्यायही भरपूर आणि गादीही भरपूर, असा खेळ मात्र दोन्हींतून गेलेला.

वर्गणीचा नियम काकूंचा. त्यांच्या इमारतीला नोटीस आली तेव्हा वकिलासाठी वर्गणी गोळा झाली. पाकिटे बंद होती, कोणी किती घातले ते कोणाला कळू नये म्हणून. “आकडा कमी भरला. मग जो तो दुसऱ्याच्या दाराकडे बघायला लागला.” काकूंनी हे चहा गाळताना, सहज सांगितले. आम्ही ते जसेच्या तसे घेतले: प्रत्येकाने झाकून पैसे ठेवायचे, बेरीज ठरल्या आकड्याला पोचली तर इमारत एक फेरी वाचते, कमी पडली तर पैसेही गेले आणि एका घराला कुलूप. कोणाच्या, ते बाकीच्यांनी मतदानाने ठरवायचे.

यंत्राला हा नियम आवडला. आवडला म्हणजे त्याने स्तुती केली. ते कशाचीही करते. मग त्याने सुचवले, की जास्त देणाऱ्याला ‘सन्मान’ मिळावा. भाच्याने त्यालाच पाच रहिवासी व्हायला सांगून नियम तपासला. पाचही रहिवाशांनी सारखी, न्याय्य वर्गणी दिली आणि एकमेकांचे आभार मानले. अशी सोसायटी दिघ्यात सोडाच, विलेपार्ल्यातही सापडणार नाही. उद्याचे यंत्र रहिवाशांना कंजूष आणि खोटारडे करू शकेल, त्याबद्दल पैज लावत नाही. पण तेव्हाही ते पाच जण एकाच्याच पोटातले असतील. एका फिरकीवरच्या पाच पतंगांत पेच लावून दाखवावा.

वक्त्याचा राग मला यासाठी येतो, की त्याने दुपारभराची मेहनत वाचवली म्हणताना नेमकी ती दुपार वाचवली जिच्यात खेळ घडतो. पत्ता लिहायला वेळ लागत नाहीच. वेळ लागतो पाच माणसे सतरंजीवर बसवून, कोण पाकीट ठेवताना खाली बघतो हे पाहायला, आणि घरी जाऊन नियम बदलून पुढच्या रविवारी तीच माणसे पुन्हा बोलवायला. आमच्या नियमांच्या आजवर अकरा आवृत्त्या झाल्या. त्यांतल्या नऊ बदलांमागे कोणाचा तरी चेहरा होता.

सध्या आमच्याकडे 42 पत्ते आहेत. तीसेक पत्त्यांवर यंत्राचाच मजकूर आहे, थोडी छाटणी करून. वर्गणीच्या पत्त्यावर गोष्ट नाही. ‘झाकून ठेवा’ एवढेच दोन शब्द आहेत. भाचा आता नोकरीसाठी पुण्याला गेल्यामुळे एक जागा रिकामी आहे आणि मतदानाचा नियम चौघांत नीट चालत नाही. जानेवारी 2024 पासून दिघा गाव स्टेशन सुरू झाले आहे. ठाण्याहून ऐरोलीच्या आधी उतरायचे. रविवारी संध्याकाळी पाचवा माणूस आला तर हवा आहे.