परक्या घरचे सुतक

आमच्याकडे कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे गावातली माणसे समाचाराला जातात. सुतक पाळतात ते भाऊबंद. बाकीचे ओसरीवर घटकाभर बसतात, थोडे बोलतात, पुष्कळसे गप्प राहतात आणि उठतात. या बसण्यात एक मर्यादा असते. समाचाराला गेलेल्याने आपल्या घरच्या मरणाची कथा लावू नये. ती लावणारा मनुष्य प्रत्येक गावात एखादा असतोच. तो दुष्ट नसतो, उलट हळवाच असतो. पण ‘आमच्याकडेही असेच झाले’ हे शब्द त्याच्या तोंडून निघाले की घरच्यांचे दुःख त्यांच्या हातून काढून घेतल्यासारखे होते.

विद्यापीठात शिकविल्या जाणाऱ्या जागतिक साहित्यासंबंधी लिहावयास बसलो असता ही रीत आठवावी, याचे कारण घरगुती आहे. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात साहित्य शिकणारी माझी पुतणी चतुर्थीला मोपाला आली होती. सोफोक्लीजचे ‘अँटिगनी’ हे नाटक तिला अभ्यासाला होते. परीक्षेत तिने लिहिले की, अँटिगनी ही ग्रीसची सत्याग्रही असून १८ जून १९४६ रोजी मडगावात बंदी मोडून सभेला जमलेल्यांशी तिचे नाते आहे. गुण उत्तम मिळाले. “पण काका,” ती म्हणाली, “मी खोटे लिहिले असे मला वाटते.”

मला हसू आले, कारण पंचवीस वर्षांपूर्वी, कायद्याकडे वळण्याआधी, बी. ए.च्या वर्गात मीही याच नाटकावर लिहिले होते. माझ्या उत्तरात मडगावाच्या जागी प्रल्हाद होता, एवढाच फरक.

नाटक सुमारे २४५० वर्षांपूर्वीचे, देवाच्या उत्सवात, उघड्यावर, मुखवटे घालून केलेले. स्त्रियांची सोंगेही पुरुषांचीच. जत्रेला देवळासमोर रात्र जागवून दशावतार पाहिलेल्या पेडण्याच्या मुलाला हे समजावून सांगावे लागत नाही. (वर्गात मात्र मी ही गोष्ट लाजेने कोणाला बोललो नाही.) कथा अशी : थीब्ज नगरावर चाल करून आलेला पॉलिनायसीज आपल्याच भावाशी लढताना मरतो. राजा क्रेऑन हुकूम काढतो की, त्याचे प्रेत तसेच पडू द्यावे. त्याची बहीण अँटिगनी हुकूम मोडून प्रेतावर माती टाकते, देवांचे अलिखित नियम राजाच्या हुकमाहून थोर मानते, आणि तिला जिवंतपणी गुहेत कोंडण्यात येते. अंत्यविधीचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला हे तत्काळ पटते. येथवर पुतणीचे उत्तर बरोबरच होते.

परंतु गुहेकडे जाताना अँटिगनी एक विलक्षण गोष्ट बोलते. पती किंवा मूल मेले असते तर आपण हा हुकूम मोडला नसता. पती दुसरा मिळाला असता, मूलही झाले असते. पण आईबाप वारल्यावर भाऊ पुन्हा जन्मावयाचा नाही. सत्याग्रही असे बोलत नाही. ज्या नियमासाठी ती मरते, तो मग सर्व मृतांना सारखा लागू राहत नाही. पुतणीने हे भाषण उत्तरातून गाळले होते, आणि मीही गाळले होते. अडचणीचे वाक्य वगळून साक्ष देणाऱ्याला न्यायालयात काय म्हणतात, हे मी आज जाणतो.

आम्ही दोघेच असे वागलो असे नाही. १८२७ च्या जानेवारीत जर्मन कवी गटे याने जागतिक साहित्याचे युग आता उगवत आहे, असे एकरमानपाशी उद्गार काढले. त्याच वर्षी मार्च महिन्यात त्याच एकरमानला तो म्हणाला की, अँटिगनीचे हे भाषण प्रक्षिप्त आहे असे कोणी पंडिताने सिद्ध करावे. ॲरिस्टॉटलने मात्र ते सोफोक्लीजचेच म्हणून उल्लेखिले आहे. ‘शाकुंतला’वर भाषांतरातून मोहित झालेला हा विशालहृदय पुरुष, त्यालाही परक्या घरातली एक खोली बंद असती तर बरे वाटले असते.

येथे एखादा शास्त्रज्ञ वाचक अभिनवगुप्ताचा आधार घेऊन मला अडवील. रसास्वादाची जी सात विघ्ने त्याने सांगितली, त्यांत आपल्या किंवा दुसऱ्याच्या विशिष्ट देशकाळात अडकून पडणे हे एक आहे. मग परकेपणाचा एवढा आग्रह कशाला? उत्तर असे की, विघ्न दूर करणे आणि ते नव्हतेच असे म्हणणे यांत अंतर आहे. साधारणीकरण ही सहृदयाच्या मनात घडून येणारी गोष्ट आहे. परीक्षेच्या पहिल्या ओळीत ती जाहीर करता येत नाही.

त्या रात्री मी पुतणीला म्हटले, ते गाळलेले भाषणच पुन्हा वाच. वाचता वाचता तिलाच आठवले, आणि मग आम्ही दोघे गप्प झालो. लक्ष्मण शक्ती लागून पडला असता वाल्मीकींचा राम विलाप करतो की, देशोदेशी स्त्रिया मिळतील, आप्त मिळतील, असा भाऊ मिळणार नाही. उच्छंग जातकातली स्त्रीही राजाजवळ पती किंवा पुत्र न मागता भावालाच मागते. जे आम्हांला ग्रीकांचे परकेपण वाटले, ते आपल्या घरच्या पोथीत होते, आणि पुराण ऐकताना आपण त्यावरून डोळे मिटून पुढे गेलो होतो. सीतेसाठी लंकेला गेलेला राम हे बोलतो, याचा अर्थ मला कोणत्याही पुराणिकाने सांगितलेला नाही. मीही कधी विचारला नाही.

पुतणी ताळगावला परतली. पुस्तक माझ्याकडेच राहिले. पूर्वी क्रेऑनची भाषणे मी चाळीत असे, कारण तो चुकणार हे ठाऊक होते. हुकूम व निवाडे वाचण्यात इतकी वर्षे गेल्यावर या वेळी ती सावकाश वाचली. वेढा नुकताच उठलेल्या नगरात, नगर जाळावयास आलेल्याला आणि राखताना मेलेल्याला एकच मान द्यावा काय, हा त्याचा प्रश्न मला फेटाळता आला नाही. पुतणीला फोनवर तसे कळविले. “मग काका, तुमचा निकाल काय?” तिने विचारले.

मी पुढची तारीख मागून घेतली.