उत्तरेस कीं दक्षिणेस?

गेल्या वर्षीं चैत्राच्या सुमारास आमच्या घरांत एक वाद उत्पन्न झाला आणि तो चांगला तीन आठवडे पुरला. वादाचा विषय ऐकून वाचकांस हसूं येईल. नॉर्वे देशाच्या किनाऱ्यानें बर्गेन शहरापासून अगदीं उत्तरेकडील किर्केनेस या गांवापर्यंत बोटींची नित्याची फेरी चालते. एक बोट वर जाते, दुसरी खालीं येते. आमची कन्या बर्गेन येथें नोकरीस आहे. जून महिन्यांत तिच्याकडे जावें आणि त्या निमित्तानें या बोटीचा प्रवास एकदां करावा, असें ठरलें होतें. रजा आणि पैसा हीं दोन्ही मोजकीं असल्यामुळें जाऊन-येऊन होणारी बारा दिवसांची फेरी आमच्या आवांक्यांतील नव्हती. एकाच बाजूचें तिकीट काढावयाचें होतें. तेव्हां बर्गेनहून निघून उत्तरेस जावें, कीं विमानानें किर्केनेस गांठून तेथून दक्षिणेस यावें? आणि बोट कोणती पत्करावी? एवढाच काय तो प्रश्न. परंतु या एवढ्याशा प्रश्नानें आम्हांस स्वतःविषयीं जें कांहीं कळलें, तें सत्तावीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून कळलें नव्हतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही फेरी मुळांत कोणाच्या सहलीकरितां निघालेली नाहीं. ट्रॉन्डहाइमच्या उत्तरेस नॉर्वेचा किनारा म्हणजे असंख्य बेटें, खडक आणि डोंगरांच्या पोटांत शिरलेल्या खोल खाड्या. तेथील पुष्कळशा गांवांना त्या काळीं समुद्र हाच रस्ता होता, आणि हिवाळ्यांत त्या रस्त्यावर आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नसे. ट्रॉन्डहाइमहून हामरफेस्टला धाडलेलें पत्र हिवाळ्यांत पोंचावयास महिनेच्या महिने लागत. सरकारनें बारमास फेरीविषयीं विचारणा केली तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं कानांवर हात ठेवले; इतक्या थोड्या दीपगृहांच्या भरंवशावर अंधारांतून बोट हाकणें अशक्य, असें त्यांचें म्हणणें. रिचर्ड वीथ नांवाच्या एका कप्तानानें मात्र होकार दिला. तो आणि त्याचा वाटाड्या यांनीं या पाण्याचीं बारकाईनें टिपणें ठेवलीं होतीं: अमुक खडकापासून अमुक दिशेस, अमुक वेगानें, इतका वेळ. होकायंत्र आणि घड्याळ हेच त्यांचे डोळे. २ जुलै १८९३ रोजीं 'वेस्टेरॉलेन' ही आगबोट ट्रॉन्डहाइमहून निघाली आणि ६७ तासांनीं हामरफेस्टला लागली. १८९८ मध्यें ही फेरी दक्षिणेस बर्गेनपर्यंत वाढली. 'हुर्टिग्रूटेन', म्हणजे जलद मार्ग, हें तिचें नांव तेव्हांपासून रूढ आहे. आज वाटेंत ३४ बंदरें लागतात. वर जातांना सहा रात्री बोटींत काढाव्या लागतात, खालीं येतांना पांच.

वेळापत्रक पुढें घेऊन बसलों तेव्हां एक गंमत ध्यानांत आली. बोट रात्रंदिवस चालते, आणि उत्तरेस जातांना जीं ठिकाणें निजेच्या वेळीं मागें पडतात, त्यांतील बरींचशीं दक्षिणेस येतांना दिवसा लागतात. उत्तरेकडे जाणाऱ्यास ओलेसुंड सकाळीं भेटतें, उन्हाळा असल्यास गेइरांगरची सुप्रसिद्ध खाडी पाहावयास मिळते, ट्रोम्सो शहरांत दुपारचे चार तास हिंडतां येतें. दक्षिणेकडे येणाऱ्यास ट्रोम्सो मध्यरात्रीं, ओलेसुंडही तसेंच. पण हामरफेस्ट, वेस्टेरॉलेनचीं बेटें आणि 'सात बहिणी' नांवाची शिखरांची रांग त्याला भर दिवसा दिसते. म्हणजे तिकीट काढणें ही वरवर पाहतां काय पाहावें याची निवड. वस्तुतः कोणत्या गांवावरून झोपेंत जावें, याचीच ती निवड आहे.

आमचा पक्ष उत्तरेचा. त्याला प्रमाणें हवीं तेवढीं होतीं. नकाशा खालून वर वाचावयाचा. झाडें विरळ होत होत नाहींशीं होतात. चौथ्या दिवशीं सकाळीं उत्तर ध्रुववृत्त ओलांडतां येतें. दिवस लांबत लांबत शेवटीं मावळेनासा होतो. नाटकास जशी परमावधि असावी तशी या प्रवासास आहे, आणि ती उत्तरेस आहे. दक्षिणेस येणें म्हणजे पांचवा अंक आधीं पाहून मग नांदीला बसणें! हें सर्व आम्हीं दोन संध्याकाळ सौभाग्यवतींस समजावून सांगितलें. त्या ऐकत होत्या, आणि मेथी निवडीत होत्या. शेवटीं त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, पण मग लेकीचा निरोप आधीं घ्यायचा आणि त्यानंतर सहा दिवस डोंगर बघत बसायचें का? मला तिच्याकडे येणाऱ्या बोटींत बसायचें आहे."

या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. उत्तर नव्हतें म्हणून आम्हीं आणखी चार प्रमाणें दिलीं.

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याचें 'विल टु बिलीव्ह' हें व्याख्यान आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांपुढें मांडतों. विकल्प जिवंत असतो किंवा मृत, टाळतां येण्याजोगा असतो किंवा नसतो, आणि महत्त्वाचा असतो किंवा क्षुल्लक, असे भेद त्यानें तेथें केले आहेत. महत्त्वाच्या विकल्पाचें उदाहरण म्हणून त्यानें घेतलेली गोष्ट अशी: नान्सेननें तुम्हांस आपल्या उत्तरध्रुवाच्या मोहिमेवर बोलाविलें तर! संधि एकदांच येणार, आणि सोडली कीं गेली. व्याख्यान १८९६ सालचें. नान्सेन त्याच वर्षीं ध्रुवप्रदेशांतून परतला. त्याची 'फ्राम' बोट वीथच्या 'वेस्टेरॉलेन'पूर्वीं अवघे आठ दिवस, २४ जून १८९३ रोजीं, राजधानीहून निघाली होती आणि याच किनाऱ्यानें वर गेली होती. किती विलक्षण योग! एकाच उन्हाळ्यांत एकाच समुद्रावर दोन बोटी निघाल्या. एकीचें भूषण असें कीं ती मिनिटामिनिटाला आपण कोठें आहों हें जाणत होती. दुसरी मुद्दाम बर्फांत गोठवून घेऊन प्रवाह नेईल तिकडे जावयास निघाली होती. दिशा सोडून देणें हीच तिची दिशा. आणि गंमत ही कीं, सोडून द्यावयाचें ठरविलेल्या नान्सेनलाच तें साधलें नाहीं. प्रवाह ध्रुवावरून नेत नाहीं असें दिसतांच १८९५ च्या मार्चांत एका सोबत्यासह तो घसरगाड्या घेऊन स्वतःच निघाला, ८६ अंशांपलीकडे गेला आणि माघारीं फिरला. तो नॉर्वेच्या किनाऱ्यास लागल्यावर आठवड्याभरानें 'फ्राम'ही सुखरूप येऊन पोंचली.

जेम्सच्या कसोटीनें पाहिलें तर आमचा वाद क्षुल्लकांत जमा होईल. तिकीट पुढल्या वर्षींही मिळेल, असें तो म्हणेल. पन्नाशी उलटलेल्या माणसाला हें म्हणणें तितकेंसें पटत नाहीं. परंतु खरी अडचण निराळी आहे. एका माणसाची निवड आणि दोघांची निवड हे दोन प्रश्न आहेत, आणि आमच्या तर्कशास्त्रानें पहिल्याचाच विचार केलेला आहे. गेल्या सत्तावीस वर्षांत आमच्या घरीं ज्या दिशा ठरल्या त्या सर्व सकारण ठरल्या. नोकरीसाठीं नागपूरकडे जावयाचें ठरलें तेव्हां कारणांची यादी आम्हीं कागदावर काढली होती. ती अजून एका पुस्तकांत सांपडते. सौभाग्यवतींचें माहेर मालवण. त्यांचे वडील तेव्हां अंथरुणास खिळलेले होते, हें त्या यादींत कोठेंच नाहीं. पुढल्याच वर्षीं तार आली आणि आम्ही तिसऱ्या दिवशीं तेथें पोंचलों. यादींतील एकही कारण खोटें नव्हतें. अजूनही आम्ही तीं खोडून काढूं शकणार नाहीं. एवढेंच कीं, कारणें देण्याचें काम एकाकडे आणि तीं ऐकण्याचें दुसऱ्याकडे असें वाटप केव्हां झालें, हें आमच्या लक्षांत आलें नाहीं.

मालवणचा उल्लेख आला म्हणून सांगतों. कोंकणच्या आगबोटी बंद होऊन आतां दशकें लोटलीं. पण सौभाग्यवतींनीं लहानपणीं त्या पाहिलेल्या आहेत. बोट खोल पाण्यांत उभी राहावयाची आणि माणसें होडीनें तिच्यापर्यंत न्यावयाचीं. किनाऱ्यावरच्या मुलांना दोनच बोटी ठाऊक, येणारी आणि जाणारी. येणारींतून मुंबईचे काका, कापडाचे तुकडे आणि बिस्किटांचे डबे उतरत. जाणारींतून थोरला भाऊ गेला. त्या दोन्ही बोटींतून दिसणारा किनारा एकच होता, हें सांगावयास तर्कशास्त्राचा प्राध्यापक नको. पण त्यांतील कोणालाही दिशा निवडावयाची नव्हती. ती पोटानें ठरविलेली असे. दिशेची निवड ही चैन आहे, आणि चैन करतांना माणूस आपलें खरें रूप अधिक दाखवितो, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

बोटीचा प्रश्न त्या मानानें लौकर सुटला. हजारों माणसें पोटांत घेऊन हिंडणारीं प्रचंड विलासी जहाजें आम्हीं पहिल्याच दिवशीं बाद केलीं. तीं ज्या गांवीं जातात तें गांव त्यांच्यासाठीं देखावा होऊन बसतें. उरल्या या मार्गावरच्या नित्याच्या बोटी. २०२१ पासून हें काम दोन कंपन्यांत विभागलेलें आहे. जुन्या कंपनीच्या बोटी बहुतेक १९९० नंतरच्या दशकांत बांधलेल्या. नव्या कंपनीच्या चार बोटी वायूवर आणि मोठाल्या विजेऱ्यांवर चालतात, आणि विजेवर त्या चार तासांपर्यंत धुराविना, जवळजवळ आवाजाविना जाऊं शकतात. कन्येचा कल अर्थात् नव्या बोटीकडे. आमचा जुनीकडे, आणि त्यांतही १९६४ सालच्या 'लोफोटेन'कडे. परंतु ती २०२१ च्या सुमारासच या मार्गावरून निवृत्त झाली होती, हें कळल्यावर आमचा आग्रह लटका पडला. आगबोटीचा धूर ज्यांना काव्यमय वाटतो त्यांनीं कधीं कोळसा ओढलेला नसतो. सौभाग्यवतींनीं एकच विचारलें, "लहान गांवांना दोन्ही थांबतात ना?" दोन्ही थांबतात. सरकार या फेरीसाठीं पैसे देतें तें याचसाठीं. केबिन न घेतां एका बंदराहून पुढच्या बंदरीं जाणाऱ्या गांवकऱ्यास जागा ठेवावीच लागते, आणि पुष्कळ बंदरांत माल चढतो-उतरतो. आमच्यासारखे हौशी लोक तिच्यावर बसले नाहींत तर ती फेरी चालविणें जड जाईल, हेंही खरें. म्हणून हौशी माणसानें फार संकोच करूं नये. तरी पण ज्या बोटीला स्वतःचें कांहीं काम आहे तिच्यावर आपण उतारू असतों, पाहुणे नसतों, आणि हें आम्हांला आवडलें. सोईची तारीख ज्या बोटीची निघाली ती आम्हीं घेतली.

राहिली दिशा. कन्येला फोनवर आम्हीं दिवसा काय दिसेल व रात्रीं काय बुडेल याचा तक्ता वाचून दाखविला. ती हंसली. "बाबा, जूनमध्यें तिकडे रात्र असते कुठें?" खरेंच कीं! ध्रुववृत्तापलीकडे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाहीं. नॉर्थ केपच्या बाजूस तर मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत तो क्षितिजावरच फिरत असतो. म्हणजे आमचा अर्धा तक्ता बाद. जें दिसणार नव्हतें तें अंधारामुळें दिसणार नव्हतें असें नाहीं. आम्ही झोपणार होतों म्हणून दिसणार नव्हतें. अंधाराकडे बोट दाखविण्याची सोय गेल्यावर आमचा युक्तिवाद फार दिवस टिकला नाहीं. दक्षिणेचें तिकीट काढलें. वाद संपला तेव्हां आम्ही उदारपणें माघार घेतली असें आम्हांस वाटत होतें, हेंही येथें कबूल केलें पाहिजे.

किर्केनेस हें रशियाच्या सरहद्दीजवळचें गांव. तेथून बोट दुपारीं निघाली. खडकाळ, बोडका किनारा. आमच्या देशावरचे उन्हाळी डोंगर हिरवे वाटावे इतका बोडका. रात्रीं जेवण झाल्यावर आम्ही उभयतां काचेजवळ बसलों होतों. ऊन सरळ तोंडावर येत होतें. मध्यरात्रीपर्यंत जागावयाचा निश्चय आम्हीं मोठ्यानें बोलून दाखविला आणि साडेदहास पडदा ओढून झोपलों.

सहाव्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं बोट बर्गेनला लागली. कन्या धक्क्यावर उभी होती. गाडीपर्यंत चालत जातांना तिनें विचारलें, "आई, सगळ्यांत काय आवडलें?" आम्ही मनांत 'सात बहिणीं'चें वर्णन जुळवूं लागलों होतों, कारण तीं शिखरें आम्हांस खरोखरच स्वच्छ दिसलीं होतीं. सौभाग्यवती म्हणाल्या, "मेहाम्न."

हें नांव आम्हांला वेळापत्रकांतले म्हणून ठाऊक होतें. पहिल्याच रात्रीं एकच्या सुमारास बोट तेथें थांबते. मासेमारीवर जगणारें लहानसें गांव.

"मी वर जाऊन उभी होतें," त्या सांगूं लागल्या. "लख्ख ऊन. एक फ्रिज उतरला, कसल्या तरी पेट्या उतरल्या, आणि एक मुलगी उतरली, तुझ्याएवढी. तिला न्यायला तिचा बाप आला होता. अर्ध्या रात्रीं, अंगांत घरचाच सदरा. बोट लगेच सुटली."

"तो बाप काय म्हणाला?" कन्येनें विचारलें.

"म्हणणार काय? त्यानें तिची पिशवी घेतली."

आम्हीं विचारलें, मला उठविलें कां नाहींस? त्या म्हणाल्या, "इतकी गाढ झोप लागली होती तुम्हांला, मला उठवावेंसें वाटलें नाहीं." आणि पुढें होऊन त्यांनीं लेकीच्या हातांतली आमची बॅग काढून घेण्याचा प्रयत्न केला; ती तिनें दिली नाहीं.