निघण्याचा मुहूर्त

एका शहरातून दुसऱ्या शहरास मोटारीने जायचे आणि त्याच दिवशी पोहोचायचे, हा बेत आज इतका सर्वसाधारण झाला आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. किती वाजता निघायचे, न्याहारी कोठे घ्यायची, टोलला किती पैसे लागतील, एवढे ठरले की बेत ठरला. आमचे म्हणणे असे आहे की या साध्या बेतात एक नैतिक निर्णय दडलेला असतो, आणि तो रस्त्यावर नव्हे, तर आदल्या रात्री घरात बसून घेतला जातो. घेणाऱ्यास मात्र आपण असा काही निर्णय घेतला याची जाणीवही नसते.

उदाहरणादाखल इंदूर ते ग्वाल्हेर हा रस्ता घेऊ. या दोन शहरांत ज्यांचे सोयरसंबंध नाहीत अशी जुनी मराठी घराणी माळव्यात विरळाच. अंतर सुमारे 500 किलोमीटर. जुन्या आग्रा-मुंबई मार्गाचाच हा तुकडा आहे. आता ब्यावऱ्यापर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग 52 आणि तेथून पुढे महामार्ग 46 या क्रमांकांनी ओळखला जातो. वाटेत पवारांचे देवास, ज्याच्या जवळून कर्कवृत्त जाते ते शाजापूर, कालीसिंधकाठचे सारंगपूर, मग ब्यावरा, गुना, शिवपुरी आणि शेवटी ग्वाल्हेर. थांबे धरून ताशी 60 ची सरासरी राखणे प्रत्यक्षात सोपे नसते. ती राखली तरी आठ तासांहून अधिक वेळ नुसता चाके फिरण्यात जातो. खाणेपिणे, विश्रांती आणि इंधन यांसाठी दीड तास जमेस धरला, तर पहाटे सहाला निघालेला मनुष्य चारच्या सुमारास पोहोचतो. म्हणजे एका दिवसात हा प्रवास होतो, पण काठोकाठ होतो. आमच्या विवेचनासाठी असा काठोकाठ प्रवासच सोयीचा आहे.

याच वाटेने आपले पूर्वज उत्तरेकडे आले. त्यांच्या प्रवासाची परिभाषा आपल्या भाषेत अजून शिल्लक आहे. दिवसभरात जेवढे चालणे होई ती मजल आणि रात्री जेथे उतरावे तो मुक्काम. प्रवास मजल दरमजल होई. निघण्यासाठी पंचांग उघडले जाई. मुहूर्तावर प्रत्यक्ष निघणे जमले नाही, तर वस्त्र वा एखादी वस्तू घराबाहेर, शेजाऱ्याकडे वा देवळात नेऊन ठेवीत आणि त्यास ‘प्रस्थान ठेवणे’ म्हणत. निघण्याची वेळ अशी काटेकोर सांभाळली जाई. पोहोचण्याचा दिवस मात्र नदीच्या पुरावर, बैलांच्या खुरांवर आणि सोबत्यांच्या प्रकृतीवर सोपवलेला असे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञाची वार्ता ऐकून, दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले. ते बंडाच्या वणव्यात सापडले आणि झाशीचा वेढा पाहून, लुटले जाऊन दीर्घ काळाने घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली प्रसिद्ध झाला. ठरल्याप्रमाणे पोहोचणे हे त्या काळी नशिबाचे काम होते.

त्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. वाटमारी, पटकी आणि पुराच्या नद्या यांना कंटाळूनच माणसाने पूल बांधले आणि रस्ते रुंद केले. आजारी आईच्या उशाशी सकाळी निघून संध्याकाळी पोहोचता येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तिची किंमत ज्याने तीन दिवसांनी पोहोचलेल्या पत्रातून मृत्यूची बातमी वाचली असेल, त्यास विचारावी. प्रश्न वेगाचा नाही, बेताच्या आकाराचा आहे. पूर्वी बेताचे एक टोक, निघण्याचे, घट्ट बांधलेले असे आणि दुसरे सैल असे. आज दुसरेही टोक बांधले गेले आहे. दोन्ही टोके घट्ट झाल्यावर वाटेत जे काही घडेल त्याला जागा उरत नाही, आणि ती जागा कोणाच्या तरी वाट्यातून काढून घ्यावी लागते. ती कोणाच्या वाट्यातून जाते, हा खरा नैतिक प्रश्न आहे.

प्रथम ती जाते गाडी चालवणाऱ्याच्या झोपेतून. यजमान मागे बसून डुलकी घेतात आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांच्या दारी पहाटे पाचला हजर राहण्यासाठी साडेतीनलाच उठलेला असतो. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग सतरा तास जागा राहिलेल्या माणसाचे हातपाय आणि लक्ष, रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतकेच मंद चालते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. साडेतीनला उठलेल्या माणसाचे सतरा तास रात्री साडेआठला भरतात. ग्वाल्हेरास उशीर झाला, आणि ‘आता थोडेच राहिले’ म्हणून शिवपुरीच्या पुढचा शंभराहून अधिक किलोमीटरचा टप्पा अंधारात काढायचा ठरला, तर ज्याने दारूचा थेंबही घेतलेला नाही अशा माणसाला आपण जवळपास त्याच अवस्थेत चाकामागे बसवलेले असते. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकास दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घालून दिली होती. ती होती पाच वा अधिक कामगार ठेवणाऱ्या परिवहन संस्थांसाठी. घरच्या गाडीवरील माणसाची मर्यादा ठरवणे सदैव घरच्या लोकांच्या विवेकावरच राहिले. आणि तो माणूस स्वतः ‘थकलो’ म्हणत नाही. साहेबांसमोर तसे म्हणणे त्याला परवडत नाही. म्हणून त्याच्या न बोलण्याला संमती समजणे हा आमच्या मते पहिला दोष होय.

दुसरे, ती जागा जाते रस्त्याकाठच्या माणसाच्या सुरक्षिततेतून. एक तास उशीर झाला आणि 300 किलोमीटर उरले, तर तो भरून काढण्यासाठी ताशी 60 ची सरासरी 75 वर न्यावी लागते. सरासरी 75 ठेवायची म्हणजे मोकळ्या रस्त्यावर काटा 100 च्या पलीकडे जाणार. ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास शंभर किलोमीटरमागे पंधरा मिनिटे वाचतात. धडकेतील ऊर्जा मात्र दीडपटीहून अधिक होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. या हिशेबातील पंधरा मिनिटे आपली आणि उरलेला भाग समोरच्याचा. चारपदरी महामार्गाने अनेक गावांची शिवारे दुभागली आहेत. घर एका अंगास आणि शेत किंवा शाळा दुसऱ्या अंगास. दुभाजकाच्या फटीतून चाऱ्याचा भारा घेऊन निघालेल्या बाईस आपण नियम मोडणारी ठरवतो. परंतु तिच्या घराण्याची त्या शेताकडची पायवाट महामार्गाहून जुनी आहे. आपल्या नकाशावर जो टप्पा आहे, तो कोणाच्या तरी घराचे अंगण आहे.

तिसरी आणि आमच्या मते सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट म्हणजे, ती जागा आपल्या स्वतःच्या चांगुलपणातून जाते. 1973 साली जॉन डार्ली आणि डॅनिअल बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे, धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकास एका इमारतीतून दुसरीत जाऊन छोटे भाषण करायचे होते. काहींना विषय दिला होता बायबलातील त्या परोपकारी वाटसरूचा, ज्याने लुटून जखमी केलेल्या अनोळखी माणसाची शुश्रूषा केली. वाटेत एक मनुष्य कण्हत, खोकत कोसळल्यासारखा बसवून ठेवला होता. ज्यांना ‘तुम्हांस उशीर झाला आहे’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी दहा टक्केच थांबले. ज्यांच्याजवळ वेळ मोकळा होता त्यांच्यातील त्रेसष्ट टक्के थांबले. परोपकाराच्या कथेवर बोलायला निघालेल्यांत आणि इतरांत लक्षणीय फरक आढळला नाही. नमुना लहान होता हे खरे, पण ज्याने ज्याने घाईत प्रवास केला आहे त्यास हा निष्कर्ष परका वाटणार नाही. मनुष्य थांबतो की नाही, हे त्याच्या संस्कारांपेक्षा त्याच्या हाताशी उरलेल्या मिनिटांनी ठरले.

आपल्या समाजास संस्कारांचा अभिमान आहे आणि तो असावाही. परंतु हा प्रयोग सांगतो की संस्कार बरोबर नेले आणि वेळ घरी ठेवला, तर संस्कार गाडीतून उतरत नाहीत. अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यामागे पोलिसांचा आणि इस्पितळाचा ससेमिरा लागतो, ही सबब आता लंगडी झाली आहे. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मदतनीसांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलमही आले. कायद्याने भीती कमी करता येते. आपली घाई कमी करणे त्याच्या आवाक्यातले नाही. ज्याने बेतात अर्धा तास मोकळा ठेवला, त्याने कोणा अनोळखी माणसासाठी तो ठेवला असे म्हणता येईल. ज्याने ठेवला नाही, त्याने न थांबण्याचा निर्णय आदल्या रात्रीच घेतला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो बळकट आहे. काही पोहोचणी पुढे ढकलता येत नाहीत. ग्वाल्हेरास काका वारले, अंत्यदर्शन घ्यायचे आहे, तेव्हा मोकळ्या अर्ध्या तासाची भाषा निर्दय वाटेल. आम्हांस हा आक्षेप नाकारायचा नाही. अशा प्रसंगी घाई ही प्रेमाचेच एक रूप असते. पण दुःख आपले असते आणि धोका दुसऱ्याचाही असतो, म्हणून अशाच दिवशी हिशेब अधिक चोख हवा. दुसरा चालक बरोबर घ्यावा, जमल्यास रेल्वेने जावे आणि रडवेल्या डोळ्यांनी स्वतः चाकामागे बसू नये. यांतले काहीच जमत नसेल, तर दर्शन न होण्याचे दुःख पदरी घ्यावे. गेलेला माणूस आपली वाट पाहत नाही. वाटेत जो रस्ता ओलांडतो आहे त्याची मात्र घरी कोणी वाट पाहत असते. हे बोलणे कठीण आहे, पण याहून सोपे खरे उत्तर आम्हांस दिसत नाही.

येथे वाट पाहणाऱ्यांचेही कर्तव्य येते. मोबाईल आल्यापासून यजमान घरी बसूनच गाडीला टाच मारू शकतो. ‘कुठवर आलात? पाने मांडू का?’ हा प्रश्न मायेचा असला, तरी दर वीस मिनिटांनी विचारला की त्याचा तगादा होतो. ‘सावकाश या, उशीर झाला तर शिवपुरीस राहा, आम्ही जेवून घेतो’ असे म्हणणारा यजमान खरा आतिथ्यशील होय. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले. त्यांचे पुण्य आपण वारंवार गातो. धर्मशाळा म्हणजे काय, तर ज्यास आज पोहोचता आले नाही त्यास दिलेली उशिराची परवानगी. तीच परवानगी आज आपण दूरध्वनीवरील दोन शब्दांनी देऊ शकतो, तीही विनाखर्च.

मग बेत आखायचा कसा? जुन्या रीतीचे मर्म घ्यावे असे आम्हांस वाटते. निघण्याची वेळ कडक पाळावी, कारण तेवढीच पूर्णपणे आपल्या हाती असते. पोहोचण्याचे वचन देऊ नये, अंदाज द्यावा, आणि तोही ‘चार ते सात’ असा ऐसपैस. वचन मोडले की मान जाते आणि मानेसाठी मनुष्य वेग वाढवतो. अंदाज चुकला तर कोणाचे काही जात नाही. थांबण्याची मर्यादा घरीच, डोके थंड असताना ठरवावी. दुपारी दोनपर्यंत गुना मागे पडले नाही, तर मुक्काम शिवपुरीस, असे निघण्यापूर्वीच ठरावे आणि ते चालकास सर्वांदेखत सांगावे. म्हणजे थकवा कबूल करण्याचे ओझे त्या एकट्यावर राहत नाही. शेवटच्या शंभर किलोमीटरवर आलेल्या माणसाच्या निर्णयावर विश्वास ठेवू नये, कारण घराचा दिवा जवळ दिसू लागला की प्रत्येकास आपले डोळे टक्क उघडे आहेत असेच वाटते.

शिवपुरीचा मुक्काम ही काही शिक्षाही नव्हे. ग्वाल्हेर संस्थानची ही उन्हाळ्याची राजधानी. शिंदे घराण्याच्या छत्र्या तेथे आहेत आणि 18 एप्रिल 1859 रोजी तात्या टोप्यांना फाशी दिले ते येथेच. बाहेरून जाणाऱ्या वळणरस्त्यामुळे आपल्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षे ये-जा करूनही हे गाव पाहिलेले नाही. एखाद्या वेळी उशीर झाला, तर संध्याकाळी तेथे उतरावे, ग्वाल्हेरास तसे कळवावे आणि गाडी चालवणाऱ्याच्या निजण्याची सोय आपल्या सोयीच्या आधी पाहावी. सकाळी उरलेली वाट दोन-अडीच तासांची असते.