सम चुकली तर

मुलांना नृत्याच्या कार्यक्रमांत उभे करावे की नाही, याची चर्चा बहुधा टाळ्या, बक्षिसे आणि ‘आत्मविश्वास’ या कशालाही लागू पडणाऱ्या शब्दाभोवती फिरत राहते. भरताच्या नाट्यशास्त्राने मात्र रंगमंचाकडे याहून बारकाईने पाहिले आहे. त्याच्या २७व्या अध्यायात प्रयोगाच्या यशाला ‘सिद्धी’ म्हटले असून, तिच्या जोडीलाच ‘घात’, म्हणजे प्रयोगात येणारी विघ्ने, सांगितली आहेत. काही दैवाने ओढवणारी, काही परक्यांनी घडवून आणलेली, तर काही कलावंताच्या स्वतःच्या चुकीतून उद्भवणारी. यांपैकी शेवटच्या प्रकाराशीच मुलांचा संबंध अधिक येतो, आणि मुलाच्या जडणघडणीत रंगमंचाचा खरा वाटा शोधायचा, तर तो चार लोकांदेखत झालेली चूक निस्तरण्याच्या अनुभवात शोधावा लागतो.

कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ मध्ये पुण्यात ‘नृत्यभारती’ स्थापन केली, आणि त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरांत रुजलेल्या कथकचे उदाहरण येथे पुरेसे बोलके आहे. कथकमध्ये तबल्यावर तालाचे आवर्तन अखंड चालू असते आणि त्याच्या पहिल्या मात्रेला, म्हणजे समेला, नर्तकाने येऊन मिळायचे असते. १६ मात्रांच्या तीनतालात तीन मात्रांचा एखादा बोल तीनदा घेऊन तिहाई करायची असेल, तर ती खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, उचलावी लागते; तेव्हाच तिची अखेरची मात्रा पुढच्या समेवर पडते. दहा वर्षांच्या मुलीने ती एक मात्रा उशिरा उचलली, तर सम निघून गेल्यावर तिचा पाय पडतो, आणि ही चूक तबलजीला, गुरूंना व पहिल्या रांगेतल्या जाणकारांना त्याच क्षणी कळते. वर्गात अशा वेळी गुरू हात वर करून थांबवतात व पुन्हा सुरुवात करायला लावतात. रंगमंचावर ठेका कोणासाठी थांबत नाही, म्हणून ती मुलगी चेहरा न पाडता तत्कार, म्हणजे पायांचे मूळ पदाघात, चालू ठेवते, पुढची खाली येईपर्यंत मनातल्या मनात मात्रा मोजते आणि तीच तिहाई पुन्हा घेऊन या वेळी समेवर येते. या मोजक्या सेकंदांत तिला जे साधते, ते वर्गात शंभरदा बिनचूक नाचूनही साधत नाही.

याहूनही मोलाची गोष्ट पढंतीत आहे. पढंत म्हणजे नाचण्यापूर्वी हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणून दाखवणे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांतही ती करावी लागते, परंतु प्रेक्षकांसमोर तिचे स्वरूप पालटते, कारण तेथे एरवी मोठ्यांचे ऐकायची सवय असलेले मूल आपल्या चौपट वयाच्या तबलजीला लय देते आणि तो ती मान तुकवून स्वीकारतो. मुलाच्या शब्दावर वडीलधारी माणसे इतक्या गांभीर्याने चालतात, असे प्रसंग घरात वा शाळेत फारसे येत नाहीत.

ध्वनिमुद्रित गाण्यावरच्या नाचात मात्र गाणे मुलाचे काहीच ऐकत नाही. शाळेच्या गॅदरिंगमधील अशा नाचांना आनंदाचे आणि ओळ सांभाळून सोबत्यांबरोबर चालण्याचे मोल निश्चितच आहे. तेवढ्यावरून व्यक्तिमत्त्वविकासाचे दावे करणे मात्र अतिशयोक्तीचे ठरते. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांबद्दल तर याहून सावध राहावे लागते. मुलांना प्रौढांच्या नाचातील सूचक हालचाली करताना दाखवू नये, अशी सूचना केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला जून २०१९ मध्ये खासगी वाहिन्यांना द्यावी लागली होती. शिवाय तेथे चूक झाली, की ती निस्तरण्याची संधी मिळण्याऐवजी गुण कापले जातात.

प्रत्येक मुलाला हा प्रकाशझोत मानवतो असेही नाही, आणि भेदरलेल्या मुलाला ‘भीती मोडेल’ म्हणून पुढे ढकलणारे पालक त्याचे नुकसानच करतात. जाणती गुरू अशा मुलाला आधी साथीदारांच्या बैठकीत, तबल्याच्या शेजारी बसवून मैत्रिणीच्या नाचाची पढंत करायला देते. प्रेक्षक तेच, ठेकाही तोच, फक्त सर्वांचे डोळे दुसरीकडे लागलेले असतात.