फाइल नाही म्हणजे कुठे नाही?

पाषाणच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक आहे. सी-डॅकने १९९१ साली पुण्यात ‘परम ८०००’ उभा केला, त्याच घराण्यातला. अशा लिनक्स यंत्रांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक संदेश हमखास भेटतो: अमुक शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइलच नाही. काल हाच जॉब सुरळीत चालला होता. आज नव्याने लॉगिन करून रांगेत टाकला आणि पडला. फाइल रातोरात गेली कुठे?

कुठेच गेलेली नसते. तिथे एकाच लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. हवी ती ‘मॉड्यूल लोड’ करून पुढे आणावी लागते. काल ती आज्ञा हाताने दिली होती. जॉबच्या स्क्रिप्टमध्ये लिहिली नव्हती, एवढंच.

प्रोग्राम सुरू करणारा लोडर अख्खी डिस्क धुंडाळत नाही. प्रोग्रामातच नोंदवलेला मार्ग, ‘एलडी लायब्ररी पाथ’, आधी करून ठेवलेली यादी आणि ठरलेल्या दोन-चार डिरेक्टरी, इतकंच तो पाहतो. घरच्या लॅपटॉपवर सोर्समधून कम्पाइल केलेली लायब्ररी बहुधा ‘यूएसआर लोकल’खाली जाऊन बसते. ‘एलडीकॉन्फिग’ चालवेपर्यंत यादीला तिचा पत्ताच नसतो. म्हणून आधी ‘एलडीडी’ चालवावं. कोणत्या नावापुढे ‘नॉट फाउंड’ येतं ते शांतपणे वाचावं. (कम्पाइल करतानाच लिंकर अडला, तर बहुतेक वेळा ‘डेव्ह’ पॅकेज राहिलेलं असतं. तो रोग वेगळा.)

काही वेळा मात्र लायब्ररी खरोखरच नसते. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि १.१ वर बांधलेले कितीतरी प्रोग्राम अडले. तेव्हा अनेकांनी नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक जोडली. अप्पा बळवंत चौकातून नव्या अभ्यासक्रमाचं पुस्तक आणून त्यावर जुन्याचं कव्हर चढवण्यासारखंच हे. लोडर आतली आवृत्तीची खूण तपासतो आणि पुन्हा अडतो. अडतो हे बरंच; जिथे अशी खूण नसते तिथे प्रोग्राम चालू होतो आणि भलतीकडेच कोसळतो. नावातला तो आकडा लायब्ररी लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे: या आकड्यावर बांधलेलं मी मोडणार नाही. त्याच्या वतीने खोटा शब्द आपण का द्यावा? सोर्स हाताशी असेल तर प्रोग्राम नव्या लायब्ररीवर पुन्हा कम्पाइल करावा, वेळ लागला तरी.